मामांचा काळीपिवळीचा बॅज कायमचा रद्द : अपील करायचं की थेट खंडपीठात जायचं?

तापीकाठचा

राम राम मंडळी. इथे वकील आहेत, आरटीओच्या कामातले जाणकार आहेत आणि गाडीवालेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

माझे मामा माझ्या जन्माच्या आधीपासून काळीपिवळी चालवतात. गाडी स्वतःची, परमिट स्वतःच्या नावावर. लग्नसराईत स्टँडवर एका प्रवाशाशी सामानाच्या भाड्यावरून वाजलं. मामांनी दोन बॅगांचे वेगळे पैसे मागितले, तो नाही म्हणाला, मग शब्दाला शब्द वाढला. मारामारी नाही, पण मामांच्या तोंडाला लगाम कमी, हे मी नाकारत नाही. त्या माणसाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि परिवहन कार्यालयातही अर्ज टाकला. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, खान्देशातलंच आहे एवढं पुरे.

पुढे काहीच घडलं नाही, म्हणून मामा विसरून गेले. आणि आता आदेश आलाय. एक पान, छापील नमुना, मधल्या रिकाम्या जागा पेनाने भरलेल्या. मजकूर साधारण असा: आपणांस कारणे दाखवा नोटीस देण्यात आली होती, खुलासा मुदतीत प्राप्त झाला नाही, सबब आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून मोटार वाहन अधिनियम १९८८ कलम १९(१)(सी) अन्वये आपला बॅज व सार्वजनिक सेवा वाहन चालविण्याचा प्राधिकार कायमस्वरूपी रद्द करण्यात येत आहे.

मामा शपथेवर सांगतात, नोटीस मिळालीच नाही.

आता गावभर सल्लागार. आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, भानगडीत पडू नका, दुसऱ्या जिल्ह्यातून नवा बॅज काढून देतो. स्टँडवरचे पुढारी म्हणतात, सगळ्या गाड्या कार्यालयासमोर आडव्या लावू, मग बघू. शेजारचे एक वकील म्हणतात, संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात रिट टाका, पहिल्याच तारखेला स्टे. कोणाचं ऐकावं?

भरीतपार्टी

एजंटचं तर अजिबात ऐकू नका. रद्द झाल्याची गोष्ट लपवून नवा बॅज किंवा लायसन काढलं आणि उद्या ते कॉम्प्युटरवर दिसलं, तर फसवणुकीने मिळवलं म्हणून पुन्हा त्याच कलम १९ खाली जाल. आज एका तक्रारीचं प्रकरण आहे, उद्या खोट्या प्रतिज्ञापत्राचं होईल.

काळाकोट_अमळनेर

तापीकाठचा भाऊ, आधी एक घोळ निस्तरू. लायसन, बॅज आणि परमिट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींना मिळून ‘आमचं लायसन गेलं’ म्हणतात.

लायसन माणसाचं. ते निलंबित किंवा रद्द करायचं कलम १९. बॅजही माणसाचाच, पण तो राज्याच्या नियमांतून येतो. केंद्राच्या कायद्याने कलम २८ मध्ये राज्याला तसे नियम करायची मुभा दिली आहे. परमिट गाडीचं, ते रद्द करायचं कलम ८६, आणि त्यावरचं अपील कलम ८९ खाली राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडे जातं. तुमच्या आदेशात परमिटचा शब्द नाही, म्हणजे गाडीला कोणी हात लावलेला नाही.

आता एवढं सांगा. आदेश हातात कोणत्या तारखेला पडला? आदेशावरची तारीख नको, मिळाल्याची हवी. टपालाने आला असेल तर पाकीट फेकलं नाही ना? नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली? लायसनवर पत्ता कोणता? पोलिसांत गुन्हा दाखल आहे की नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद? ही उत्तरं आली की बोलू. तोवर रिट, मोर्चा, सगळं बाजूला ठेवा.

पांझरेवरचा

इतकी झंझट कशाला? सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. बॅज गेला तर जाऊ द्या. निकालाची प्रत डॅशबोर्डवर ठेवा आणि चालवा गाडी.

काळाकोट_अमळनेर

पांझरेवरचा भाऊ, निकाल खरा आहे, पण तो इथे लावू नका. तिथे भांडण विमा कंपनीचं होतं. अपघात झाला, चालकाकडे हलक्या वाहनाचं लायसन, त्यावर ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद नाही, तर कंपनीने भरपाई द्यायची की नाही? कोर्ट म्हणालं, त्या वजनापर्यंत वेगळ्या नोंदीची गरज नाही. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालावर त्यांनी शिक्कामोर्तब केलं. वर्तनाबद्दल कारवाई होऊन एखाद्याचा अधिकार काढला गेला असेल, तर तो या निकालाने जिवंत होत नाही.

डॅशबोर्डच्या प्रतीवर विसंबून मामा उद्या रस्त्यावर आले आणि आदेशाने लायसनवरच बंदी आणली आहे असं ठरलं, तर कलम १८२ लागेल. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच दिवशी अपघात झाला तर विमा कंपनी आधी भरपाई देईल आणि मग वसुलीला मामांच्याच दारात येईल.

रोजची_अपडाऊन

मी भुसावळ–जळगाव रोज अपडाऊन करते. ट्रेन चुकली की काळीपिवळी. म्हणून थोडं कडू बोलते, राग मानू नका.

इथे सगळे मामांच्या बाजूने कामाला लागलेत. ज्याच्याकडून बॅगांचे पैसे मागितले आणि वर शिव्या घातल्या, त्याचं काय? आम्ही बायका मागच्या सीटवर चार जणी कोंबून बसतो, जादा पैसे मागितले तर चुपचाप देतो, कारण उद्या त्याच स्टँडवर यायचं असतं. तक्रार करायला शंभरातला एखादाच जातो. त्याचंही ‘नोटीस मिळाली नाही’ म्हणून उडणार असेल तर उद्या कोण जाईल?

तापीकाठचा

ताई, तुमचं बोलणं मामांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले.

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. आदेश कार्यालयाच्या शिपायाने हातात दिला, मामांनी सही करून खाली तारीख टाकली आहे. तीस दिवस अजून झालेले नाहीत. पोलीस ठाण्यातून नक्कल काढली, एनसी आहे, भारतीय न्याय संहिता कलम ३५२. पत्त्याची गंमत अशी: मामांनी लायसनचं नूतनीकरण करताना नवा पत्ता टाकला होता, कार्डावर तोच छापलाय. पण बॅज काढला तेव्हा ते जुन्या घरी भाड्याने राहत होते. नोटीस बहुतेक तिकडे गेली असणार. ते घर आता पाडून दुकान झालंय.

काळाकोट_अमळनेर

आता बोलता येईल. सविस्तर लिहितो, कारण अशी प्रकरणं घेऊन माणसं माझ्याकडे मुदत संपल्यावरच येतात.

पहिलं कलमाचं. १९(१)(सी) म्हणजे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) करताना मोटार वाहनाचा वापर केला, हे कारण. पळवून नेलं, दारूची वाहतूक केली, चोरीचा माल भरला, असल्या गोष्टी. ३५२ म्हणजे शांतता भंग होईल अशा हेतूने केलेला अपमान, आणि तो अदखलपात्र आहे. म्हणून तर पोलिसांनी एनसी घेतली. शिवाय शिवी मामांनी तोंडाने दिली, गाडीने नाही. म्हणजे ‘सी’ इथे बसतच नाही.

पण लगेच पेढे वाटू नका. त्याच कलमात ‘एफ’ आहे: लोकांना उपद्रव किंवा धोका होईल असं कृत्य, आणि ती कृत्यं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २१ मध्ये एकेक करून लिहिली आहेत. प्रवाशांशी गैरवर्तन त्यात आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त भाडं मागणं आहे. प्रवासी गाडी चालवताना विडी ओढणंसुद्धा आहे. आणि स्टँडवरच्या पुढाऱ्यांना सांगा, निषेध म्हणून गाड्या रस्त्यात सोडून लोकांची वाट अडवणं हेही त्याच यादीत आहे. गाड्या आडव्या लावल्या की एकाचे दहा बॅज जातील.

कलम चुकीचं लिहिलं एवढ्यावर आदेश पडत नाही. अधिकार दुसऱ्या खंडात सापडत असेल तर कोर्टं म्हणतात, नाव चुकलं पण हात योग्य होता. त्यामुळे ‘सी’ची चूक मुद्दा म्हणून जरूर घ्या, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका.

भार कुठे टाकायचा? म्हणणं ऐकून घेण्यावर. कलम १९ मध्येच लिहिलंय की संबंधिताला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्यावरच आणि कारणं लेखी नोंदवूनच आदेश करता येतो. मेनका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला होता, १९७८ चा निकाल, त्यात हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं. तिथे पासपोर्ट होता, इथे पोटापाण्याचा बॅज आहे, म्हणजे इथली बाजू उलट जास्त भक्कम.

नोटीस टपालाने पाठवली की मिळाली असं गृहीत धरतात, हे खरं. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम २७. पण तिथे अट आहे की पत्ता बरोबर हवा. कार्यालयाने स्वतः दिलेल्या कार्डावर नवा पत्ता छापलाय आणि नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर ते गृहीतक त्यांच्या कामाचं राहत नाही. लायसनवरही जुनाच पत्ता असता तर मी तुम्हाला एवढ्या जोरात सांगितलं नसतं.

मग कारणं. ‘खुलासा आला नाही’ हे कारण नव्हे. कोणी, कधी, काय केलं, ते कशावरून खरं वाटलं आणि त्यासाठी कायमचं रद्द करण्याइतकी शिक्षा का, हे आदेशात दिसलं पाहिजे. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलंय की आदेश म्हणजे जुनी दारू नव्हे, की ठेवली म्हणून चांगली होत जाईल. म्हणजे आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात भरून तो वाचवता येत नाही.

शेवटी शिक्षेचं माप. कलम १९ मध्ये ठरावीक मुदतीपुरती बंदी घालायचीही सोय आहे. ती सोडून थेट कायमचं रद्द का, यावर आदेश चूप आहे.

आता रस्ता. कलम १९(३) खाली आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. अपील अधिकारी कोण ते कार्यालयातून लेखी विचारून घ्या. अपील टाकलं म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा जोडायचा. अपिलाचा निर्णय अंतिम असं कायदा म्हणतो, त्यामुळे तिथे हरलात तर मग राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबाद खंडपीठ.

थेट रिट करता येत नाही का? येतं. नैसर्गिक न्याय डावलला असेल, किंवा अधिकारच नसताना आदेश काढला असेल, तर अपिलाची वाट उघडी असूनही हायकोर्ट ऐकू शकतं. व्हर्लपूल निकाल, १९९८. पण ‘ऐकू शकतं’ म्हणजे ‘ऐकतंच’ असं नाही. ‘आधी अपील करा’ म्हणून परत पाठवलं तर तोवर तुमचे तीस दिवस वाहून गेलेले असतील. पहिल्याच तारखेला स्टे मिळेल असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्या. माझं मत, अपीलच.

आणखी एक, ज्यासाठी अपील लिहिताना मी अशिलांशी नेहमी भांडतो. ‘माझा मामा सज्जन आहे, इतकी वर्षं सेवा, घरात म्हातारी आई’ यावर तीन पानं घालू नका. चार ओळी पुरेत. हायकोर्टात गेलात तर तिथे निर्णय बरोबर की चूक हे फारसं तपासत नाहीत, निर्णय कसा घेतला ते तपासतात. म्हणून पहिल्या कागदापासून ‘कसा घेतला’ यावर बोट ठेवा.

सिडनीकर_खान्देशी

मूळ पारोळ्याचा, सध्या सिडनीत. शिकत असताना टॅक्सी चालवली आहे म्हणून इकडची तऱ्हा सांगतो, तुलना मजेशीर आहे.

इकडे न्यू साउथ वेल्समध्ये टॅक्सीवाल्याला पूर्वी वेगळा ‘ड्रायव्हर ऑथॉरिटी’ काढावा लागे, १९९० च्या पॅसेंजर ट्रान्सपोर्ट ॲक्टखाली. माणूस चांगल्या लौकिकाचा आणि सर्व दृष्टीने योग्य आहे, असं खात्याला वाटलं पाहिजे, ही कसोटी. नोव्हेंबर २०१७ पासून टॅक्सी आणि ॲपच्या गाड्यांचा नवा कायदा लागू झाला आणि पद्धत बदलली. पण आमच्या वेळी कोणाचा अधिकार काढला तर तो न्यायाधिकरणाकडे जायचा. आधी वेगळं प्रशासकीय न्यायाधिकरण होतं, १ जानेवारी २०१४ पासून बरीच न्यायाधिकरणं एकत्र करून एनकॅट झालं.

फरक असा की ते न्यायाधिकरण खात्याची चूक शोधत बसत नाही. सगळे कागद स्वतःसमोर घेतं, नवा पुरावाही घेतं आणि विचारतं, आजच्या घडीला बरोबर आणि इष्ट निर्णय कोणता? खात्याने नोटीस नीट दिली होती की नाही, हा मुद्दा तिथे मागे पडतो, कारण सुनावणी पहिल्यापासून होते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. खात्याने घोळ घातला म्हणून तुम्ही सुटत नाही. तुम्ही गाडी चालवायला योग्य आहात, हे तिथे स्वतः उभं राहून पटवावं लागतं. मालकाचं पत्र, समुपदेशनाचे कागद, सगळं घेऊन जातात लोक.

काळाकोट_अमळनेर

छान माहिती. आपल्याकडे अपील अधिकारी ‘योग्य वाटेल तो आदेश’ देऊ शकतो, कायद्यात तसेच शब्द आहेत. म्हणजे तोही मनात आणलं तर गुणदोषांत शिरू शकतो. प्रत्यक्षात फाइल बघून परत खाली पाठवणं सोपं, म्हणून बहुतेक तेच होतं.

जिभाऊ_गाडीवाला

राम राम भाऊ. मी बी काळीपिवळीवरच शे. मामाले सांग, बॅज गया म्हंजे गाडी गयी नही.

बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक विचारत बसतील. गाडी दारात उभी ठेवू नका. परमिट चालू आहे, फिटनेस आणि विमा आहे, मग बॅजवाला दुसरा ड्रायव्हर बसवा, रोजावर किंवा निम्म्या भाड्यावर. स्टँडवर नंबर लागतो तो गाडीचा, माणसाचा नाही. नंबर एकदा सोडला की परत मिळवताना नाकी नऊ येतात. बँकेचा हप्ता मामांचा बॅज बघत नाही. फक्त त्या ड्रायव्हरचे कागद स्वतः तपासा. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर मालकावर कलम १८० आहे, पाच हजार रुपये दंड.

आणि मामांनी त्या गाडीत पुढे बसून ‘थोडं घे मी चालवतो’ करायचं नाही. एका गावात हे सगळ्यांना दिसतं.

भरीतपार्टी

जिभाऊंना अनुमोदन. आणि फाइलची नक्कल मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो. तक्रार अर्ज, पोलिसांचा अहवाल, नोटीसची स्थळप्रत, जावक नोंदवहीचं पान, रोजनामा, परत आलेलं पाकीट. यातला प्रत्येक कागद नाव घेऊन मागा. ‘माझ्या प्रकरणाची सर्व माहिती’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम मिळेल. त्यांना तीस दिवस असतात आणि तुमच्या अपिलालाही तीसच, त्यामुळे त्याची वाट बघत अपील थांबवू नका. फाइल बघायला मिळावी म्हणून वेगळा अर्जही द्या.

खर्चाचं: जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट. बायका आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही, नंदुरबारकडच्या गाडीवाल्यांनी हे लक्षात ठेवा. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

तापीकाठचा

अपडेट. अपील दाखल झालं. आवक शिक्का आणि नंबर दुसऱ्या प्रतीवर घेतला. स्थगितीचा अर्ज सोबत.

फाइल बघायला मिळाली. मामा आणि मी दोघं गेलो, एका बाकावर बसून पानं उलटली. तीन गोष्टी लिहितो.

नोटीसचं पाकीट फाइललाच स्टेपल केलेलं आहे, न उघडलेलं. वर पोस्टमनच्या हातचं निळ्या पेनाने ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही, परत’. आणि रोजनाम्यात पुढच्याच नोंदीत ‘खुलासा अप्राप्त, आदेशार्थ सादर’. म्हणजे पाकीट परत आलेलं त्यांना दिसत होतं.

दुसरं, पोलिसांच्या अहवालात स्पष्ट ‘अदखलपात्र’ लिहिलंय. तरी टिपणीत ‘गुन्हा दाखल असल्याचे दिसून येते’.

तिसरं मला अपेक्षित नव्हतं. तक्रारदाराने बॅज रद्द करा असं म्हटलेलंच नाही. त्याच्या अर्जाची शेवटची ओळ: सदर चालकास समज द्यावी व जादा घेतलेले पैसे परत मिळावेत.

आणि हो, फाइलमध्ये एका जुन्या तक्रारीची पावतीही आहे. जादा प्रवासी, दंड भरलेला. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘होती ना.’ आदेशात तिचा उल्लेख नाही.

रोजची_अपडाऊन

शेवटची ओळ वाचून मला त्या माणसाबद्दलच वाईट वाटलं. त्याने मागितले बॅगेचे पैसे, मिळालं काय? त्याला ना पैसे, ना समज, आणि वर एका घराचा रोजगार गेल्याचं खापर त्याच्या माथ्यावर. कार्यालयाने दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर तासाभरात मिटलं असतं.

काळाकोट_अमळनेर

ताई, अगदी बरोबर. आणि उद्या हा आदेश पडला तर कृपा करून कोणी असं म्हणू नका की तक्रार खोटी ठरली. नोटीस न मिळाल्याने आदेश पडतो तेव्हा तक्रार खरी की खोटी हा प्रश्न तिथल्या तिथे राहतो. पुन्हा सुनावणी होईल तेव्हा तक्रारदारालाही बोलावलं पाहिजे.

न उघडलेलं पाकीट हा तुमचा सगळ्यात मोठा कागद. त्या पानाची प्रमाणित प्रत, पोस्टमनचा शेरा वाचता येईल अशी घ्या. फिक्की झेरॉक्स दिली तर परत करा.

जुन्या पावतीबद्दल: नोटीसमध्ये नसलेली गोष्ट आदेशाला आधार म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे अपिलात तिची चिंता नको. पण प्रकरण परत गेलं तर नव्या नोटिशीत ती नक्की येईल. उत्तर आत्ताच डोक्यात ठेवा, आणि ‘नव्हतीच’ असं चुकूनही म्हणू नका.

पांझरेवरचा

डॅशबोर्डचा सल्ला मागे घेतो. वाचतोय.

तापीकाठचा

मंडळी, अपिलाची सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी पाकीट मागवून घेतलं, शेरा वाचला, कार्यालयाच्या माणसाला एवढंच विचारलं की परत आल्यावर लायसनचा रेकॉर्ड का नाही पाहिला. उत्तर काही आलं नाही.

आदेश रद्द. प्रकरण फेरसुनावणीसाठी परत. कायमचं रद्द करताना कमी मुदतीच्या कारवाईचा विचार केल्याचं दिसत नाही, असंही एक वाक्य त्यात आहे. मामांना बॅज परत मिळाला, आणि त्याच टेबलावर नवी नोटीसही हातोहात मिळाली. या वेळी सगळं नीट आहे: खंड ‘एफ’, नियम २१ मधलं गैरवर्तन आणि जादा भाडं, तक्रारीची प्रत जोडलेली, आणि वकीलसाहेब म्हणाले तशी जुनी पावतीही. तक्रारदारालाही त्याच तारखेला बोलावलंय.

घरात आता नवीन वाद. मामी म्हणते, त्या माणसाचे बॅगेचे पैसे देऊन टाका आणि मोकळे व्हा. मामा म्हणतात, पैसे दिले म्हणजे चूक कबूल केली असं होईल, मग बॅज परत जाईल. काय करावं?

जिभाऊ_गाडीवाला

मामीचं ऐका.

काळाकोट_अमळनेर

मीही मामींच्याच बाजूने. फक्त पैसे स्टँडवर गाठून हातात कोंबू नका, दबाव आणला असं दिसतं. लेखी खुलाशात लिहा: सामानाच्या भाड्यावरून वाद झाला, त्या वेळी आपल्याकडून कठोर शब्द गेले, त्याबद्दल खेद आहे, तक्रारदाराने जादा म्हटलेली रक्कम, ते भाडं योग्य होतं की नाही याबाबतचा आपला हक्क राखून, सुनावणीत अधिकाऱ्यांसमोर परत करायला तयार आहोत. जुन्या जादा प्रवाशांच्या प्रकरणात दंड भरल्याचं एका ओळीत मान्य करा आणि पावतीचा नंबर द्या. शेवटी पर्यायी विनंती टाका की कारवाई करायचीच असेल तर ती समज किंवा अल्प मुदतीपुरती असावी.

खुलासा दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का. आणि सुनावणीत बोलायचं मामांनी, पण आधी घरी एकदा बोलून घ्या. तोंडाला लगाम कमी, असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय.

रोजची_अपडाऊन

तो माणूस सुनावणीला आला तर इथे कळवा. तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय.